शून्य तंट्यांचं गाव

१९ सप्टेंबर २००७

शून्य! म्हणे शून्य तंटे म्हणजे शून्य काम. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी रजिस्टर माझ्यापुढे असं सरकवलं, जशी नापास पोराची वही! सरकारनं गावोगावी तंटामुक्तीच्या समित्या काढल्या, तंटे मिटवून जास्त गुण मिळवणाऱ्या गावाला बक्षीस ठेवलं. आमचीही निघाली. शाळेतून निवृत्त झालेला म्हातारा रिकामाच बसलाय म्हणून अध्यक्ष मी. मी तर हरखून गेलो होतो. कोर्ट नाही, वकील नाही — पारावर समोरासमोर बसायचं. ज्याला दुखलं त्यानं सांगायचं, ज्यानं दुखवलं त्यानं ऐकायचं, आणि मोडलेलं दोघांनी मिळून जोडायचं. न्याय म्हणजे दुसरं काय असतं?

पण सध्या गावात कोणी भांडतच नाही. त्याला मी काय करू?

ग्रामसेवक म्हणतो, "गुरुजी, मिटवलेल्या तंट्याला गुण हायेत. न झालेल्याला कोण देतो?"

२३ सप्टेंबर

ग्रामसेवकानं तोड काढली! तंटा लिहायचा आणि त्याच पानावर मिटवायचा. कोणाचा? तर भीमसिंग आणि पुंजाजीचा. का? तर हे दोघं जन्मात भांडणार नाहीत म्हणून!

भीमसिंग बंजारा तांड्यावरचा, पुंजाजी गावातला. रानाला रान लागून. दोघांकडे एकेकच बैल. जोडी जुंपायची, आधी एकाचं रान पेरायचं, मग दुसऱ्याचं — कित्येक वर्षं हेच चाललंय. दोघं माझेच विद्यार्थी. तिसरीत एका पट्टीवर बसायचे. भीमसिंगच्या घरी गोरमाटी बोलायचे, कविता म्हणताना तो शब्दापाशी अडखळायचा, की पुंजाजी ओठ न हलवता पुढचा शब्द पुरवायचा. मला दिसायचं. मी खिडकीबाहेर बघायचो. काय ते आवाज! चाळीस पोरं एका चालीत... आजही चालता चालता पाय त्याच ठेक्यात पडतात.

मी म्हणालो, खोटं लिहिणार नाही. बाकी सगळे एकीकडे. आणि हे दोघं तर हसतच आले!

पुंजाजी म्हणाला, "लिवा, लिवा! गावाला बक्षीस भेटत असंल तर मी ह्या भीमाला चार शिव्याबी देतो."

भीमसिंग म्हणाला, "फुकट काहून देतो? चहा पाज आधी."

ग्रामसेवकानं लिहिलं — भीमसिंगनं पुंजाजीचा दीड हात बांध कोरला, समितीनं समजावलं, भीमसिंग जागा सोडायला राजी. दोघांनी सह्या केल्या. खाली माझी. अक्षर चिडून वाकडं आलं.

२ ऑक्टोबर

ग्रामसभेत समेट वाचून दाखवला. टाळ्या! भीमसिंग खाली बघत होता. सभेला तांड्यावरची माणसंही होती, हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

११ ऑक्टोबर

पुंजाजीच्या पोरानं, हरिचंदनं, काल बांध भीमसिंगच्या रानात सरकवला. दीड हात!

मी धावत गेलो. "अरे, ते नुसतं लिहिलेलं होतं!"

"गुरुजी, सही तुमची हाये न? मग खरं मानू का खोटं?"



१२ ऑक्टोबर

तांड्यावर गेलो. भीमसिंग बाजेवरून उठला नाही. "माझ्या नातवाला पोरं बांधचोराचा नातू म्हणून राहिली. माझा बाप कोणाची काडी न उचलता मेला, गुरुजी."

त्याच्या बायकोनं, नीलाबाईनं, पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही.

१५ ऑक्टोबर

दोघांना पारावर बसवलं. ज्याची मी स्वप्नं बघितली तीच बैठक! मी सुरुवात त्यांच्या शाळेतल्या कवितेनं केली. म्हटलं, आठवतं का? पहिली ओळ मी म्हणतो, दुसरी तुम्ही.

पुंजाजी म्हणाला, "गुरुजी, ते पुस्तकातलं होतं. हे रानातलं हाये."

हरिचंदनं माती काढली, ती परत टाक म्हणालो. तर पुंजाजी: "पोरगं म्हणतं, भीमानं कोरलं नव्हतं तर सही कशाला केली? आता मलाच खरं कळून न्हाई राहिलं."

भीमसिंग उठून गेला.

२१ ऑक्टोबर, दसरा

पुंजाजी दरसाल दसऱ्याला दीक्षाभूमीला जातो. त्याचा बैल तेव्हा भीमसिंगच्या दावणीला. यंदा तो डोंगरकड्याला साडूकडे नेऊन बांधला आणि मग नागपूरची गाडी धरली.

तांड्यावरून मला सोनं द्यायला कोणी आलं नाही.

२६ ऑक्टोबर

हरभऱ्याची वेळ चाललीय. बाकीची रानं पेरून झाली. ह्यांची दोन रिकामी. नाला आडवा, ट्रॅक्टर उतरत नाही. बैल दोन दावणींना बसून कडबा खातायत. रानातली ओल रोज उडतीय. आणखी आठवडा, की मग बी मातीत नुसतं मरायचं.

ग्रामसेवकाला म्हटलं, ते पान खोटं आहे असं सभेत जाहीर करू. तो कानावर हात ठेवून म्हणाला, "मग बक्षीस गेलंच! साहेब येऊन राहिलेत पाहणीला. अन् तंटा तर मिटलेला हाये की, गुरुजी."

मिटलेला! जो नव्हता तो मिटवला, जो झालाय त्याला रजिस्टरात जागाच नाही. चीड येते. कोणावर, तेही धड कळत नाही.

३० ऑक्टोबर

साहेब आले, खूश झाले. आमचा समेट आदर्श म्हणाले. मला हार.

१ नोव्हेंबर

दाराशी नीलाबाई आणि चतुराबाई. दोघी बरोबर!

मी खुर्च्या ओढल्या. बसल्या नाहीत. चतुराबाई, पुंजाजीची बायको, म्हणाली, "आमचे गडी येडे हायेत, त्यांचं आमी पाहून घेऊ. आमाला तंटा नोंदवायचाय."

"कोणावर?"

"तुमच्यावर," नीलाबाई म्हणाली. "न झालेलं भांडण तुमी लावलं. जिथं टाळ्या वाजल्या तिथंच उभं राहून सांगा. त्याबिगर एकबी बैल दावणीतून सुटत न्हाई."

बक्षिसाचं काय, असं तोंडात आलं होतं. गिळलं.

रजिस्टर उघडलं. पहिला खरा तंटा. गैरअर्जदाराच्या जागी माझं नाव — अक्षर सरळ आलं. उद्या सभा. दवंडी द्यायला मीच निघालोय.