तुशो कुणी कापली?

प्रिय अक्तान,

'प्रिय' हा शब्द पत्राची रीत म्हणून लिहिलाय, त्यानं हुरळून जाऊ नकोस. फोनवर लिहिलं असतं तर नेहमीसारखा एक लाल बदाम पाठवून तू मोकळा झाला असतास. बोलले असते तर मी किंचाळले असते आणि आपा, आईच ती, लगेच उठून आली असती. म्हणून कागद घेतला. जॉर्जियातल्या त्या द्राक्षवाल्याचा पत्ता तू मागे कळवला होतास, तोड संपेपर्यंत तिथेच आहे म्हणालास, तेव्हा हे मिळेलच. द्राक्षं तोडतोयस म्हणे, जेवणाच्या मोबदल्यात! इथे शेजारच्या बुरुल एजेनं जर्दाळू उतरवायला बोलावलं की तुझी पाठ धरायची.

काल शार्शेन साहेबांनी तुझा मजकूर ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवला. तू लिहितोस जगभरच्या अनोळखी लोकांसाठी, पण वाचतं आपलं अख्खं बालिकची गाव, हे तुझ्या ध्यानात राहत नाही. मागे समुद्र, पुढे हात पसरून तू, आणि खाली ते दिव्य लेखन: 'मालधक्क्यावरची ती खुर्ची म्हणजे जिवंतपणीची कबर होती. कोळशाच्या वाघिणींच्या कागदांवर शिक्के मारण्यात माझी जवानी गेली. शेवटी एक दिवस माझ्या पायातली तुशो मीच कापली. तुम्हीही कापा!' साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "काय गं सल्तनत, तुझ्या भावाच्या कबरीत ऊनबीन येतं का?" सगळे हसले. मीही हसले. काय करणार? त्या कबरीत आता मी बसते ना. नाव सल्तनत आणि राज्य हातभर खिडकीवर! टेबलावर तू टाचणीनं कोरलेलं जहाज अजून आहे, त्याच्यावर मी चहाचा पेला ठेवते, रोज, मुद्दाम.

कबर म्हणालास ते मी गिळलं. पण तुशो? स्वतःची तुशो स्वतः कापता येते का रे? घोड्याला स्वतःचा पायबंद कापता येतो का? लेकरू पायावर उभं राहू लागलं की काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पीळ त्याच्या पायांत बांधतात, पोरं लांबून धावत येतात, पहिला पोचेल तो पीळ कापतो आणि त्याच्या पायांचा गुण लेकराला लागतो. हे तुला मी सांगायचं? किरगिझाच्या पोटी जन्मलेल्याला? तिकडच्या लोकांना काय, ते टाळ्या वाजवतील. त्यांना वाटेल, काय शूर गडी आहे, एकट्यानं स्वतःला सोडवलं. चोर तो चोर आणि वर टाळ्या घेतोय.

तुला आठवणार नाहीच, तू तेव्हा आपाच्या हाताला लोंबकळत उभा होतास, नाक वाहत होतं. मी आठ वर्षांची. रुळांच्या कडेनं धावायचं ठरलं होतं, पाण्याच्या टाकीपासून आपल्या फाटकापर्यंत. नेमका त्या दिवशी उलान वारा सुटलेला, समोरून, डोळ्यांत वाळू घालणारा. काकाची मुलं माझ्याहून मोठी, लांब टांगांची, ती वाऱ्याला शिव्या देत मागे पडली. माझा एक बूट निसटला तो मी उचलायलाही थांबले नाही. एका पायात बूट, एक पाय अनवाणी, अशी येऊन तुझ्यापुढे पडले. अतानं, आपल्या बापानं, माझ्या हातात सुरी दिली. पीळ एका झटक्यात कापला, तू तिथल्या तिथे बसलास आणि मग उठून चालायला लागलास, थेट फाटकाबाहेर! बायकांनी तळलेले बोरसोक उधळले. आपा किती दिवस सांगत होती, "माझ्या लेकीनं मुलग्यांना धूळ चारली." तेव्हा तिला माझा अभिमान होता. जिंकले मी, पाय मिळाले तुला. आणि आता आयत्या पिठावर रेघोट्या ओढून जगाला सांगतोस, मीच कापली!

जग, जग काय करतोस? ते तुला कुणी दाखवलं? आपल्या गावात रूळ संपतात. बाकीची पोरं म्हणायची, गाडी इथे संपते. मी तुला खांद्यावर घेऊन शेवटच्या खांबापाशी उभी राहायची आणि म्हणायची, "वेड्या, इथून सुरू होते." हे वाक्यसुद्धा तू कुठल्याशा तुर्कस्तानातल्या फोटोखाली टाकलंयस. माझं नाव न घालता. मी पाहिलं. मी सगळं पाहते.

आता त्या संध्याकाळबद्दल. सरोवराच्या काठी बसून आपण धुरी दिलेला मासा खात होतो, तू काटे थुंकत होतास. मी तुला सांगितलं, बिश्केकहून बोलावणं आलंय, लांब पल्ल्याच्या गाडीत डबा सांभाळायचा, चादरी द्यायच्या, चहा द्यायचा, आणि खिडकीतून अख्खा कझाक माळ, मग व्होल्गा, मग पुढचं सगळं. मी आपाला अजून सांगितलं नव्हतं, पहिल्यांदा तुला सांगितलं. तू काय म्हणालास? हात पँटला पुसलेस आणि थोरल्या बहिणीला म्हणालास, "जा एजे, मी आहे ना आपाजवळ." मी तर रडलेच. वाटलं, घरचा धाकटा आहे, चूल सांभाळणारा, रीतीनं बोलतोय. अरे, धाकट्यानं आईबापाजवळ राहायचं ही काही मी काढलेली रीत नाही. घर तुझं, अंगण तुझं, अताचं खोगीरसुद्धा तुझं. मला फक्त ते एक वाक्य मिळालं होतं.

आणि माझी बॅग भरून व्हायच्या आत तू दाढ दाखवायला म्हणून बिश्केकला गेलास. आपानं तुला शाल दिली, गाल झाकायला! मग अल्माटीहून फोटो, मग कुठल्याशा बंदरावरून. दाढ किती खोल गेली होती रे, मुळं थेट काळ्या समुद्रापर्यंत निघाली? आपा अंगणात पडली ती तो दुसरा फोटो बघून आत येताना. तोंडाची डावी बाजू ओघळली. आता ती एरवी कळतही नाही, चिडली की तेवढी दिसते. म्हणजे रोज दिसते. तू विचारायचास, "आपा बरी आहे ना?" आणि मी लिहायची, बरी आहे. ती बरी होती कारण मी तिला घास भरवत होते. बिश्केकचं बोलावणं दुसऱ्या कुणा मुलीला गेलं. शार्शेन साहेब घरी आले, चहा प्याले, म्हणाले, "खुर्ची रिकामी आहे, घरचंच कुणी बसलं तर मला नवं माणूस शिकवायला नको." मी बसले. तीन वर्षं झाली.

आपानं त्या दिवसांत तुला एक शब्द बोल लावला नाही. मलाच म्हणाली, वाकड्या तोंडानं, पण अक्षर न् अक्षर कळेल असं: "तूच कापलीस ना त्याची तुशो? तुझे पाय लागले त्याला. आता भोग." मी भांडी घासत होते. एक पेला मी फोडला, हातातून निसटला असं सांगितलं. निसटला नव्हता.

तुला वाटत असेल, एजेला प्रवासच पटत नाही, गावठी आहे. अरे, इथून कोण जात नाही? प्रत्येक घरातून जातं. माझा नवरा मेदेत मॉस्कोत भिंती बांधतो, तिथलं एक प्रसिद्ध ठिकाण त्यानं पाहिलेलं नाही, विटांची पुढची रांग तेवढी पाहतो. त्याला कुणी प्रवासी म्हणत नाही, फोटोला कुणी बदाम देत नाही. सगळे पोटासाठी जातात. बघायला म्हणून निघालेला तू आमच्यातला पहिलाच, आणि खरं सांगू, त्याचा मला हेवा वाटतो, इतका की तुझे फोटो बघताना दात आवळले जातात. ती नोकरी रटाळ आहे हे तुझ्यापेक्षा मला जास्त पटलंय. शिक्का, फुंकर, शिक्का, फुंकर. तू गेलास म्हणून मी चिडलेय असं समजत असशील तर अजून वर्षभर द्राक्षंच तोड. तू माझ्या आधी गेलास, माझ्या जागेवरून गेलास, आणि मला शब्द देऊन गेलास, म्हणून चिडलेय.

घरचं ऐकायचंय? आपा तुझं नाव घेत नाही. 'तो दाढवाला' म्हणते. पण टीव्हीवर हवामान लागलं की आवाज मोठा करायला लावते आणि तुझ्या जॉर्जियातलं तिबिलिसी येईपर्यंत कुणाला बोलू देत नाही. परवा म्हणाली, "दाढवाल्याकडे पाऊस आहे." मग कुणी न विचारताच म्हणाली, "त्याच्याकडे धड कोट नाही." माझी सासू कोचकोरहून टोमणे पाठवते, "सून आणली की नुसती नावाला लावून घेतली?" कारण लग्नानंतरही मी इथेच, तुझ्या घरात, तुझ्या आईपाशी. आणि जिबेक. तिच्या जन्माला तू बदाम पाठवलास, तीन पाठवलेस, उदारपणे. तुझी भाची कशी दिसते ते तुला फोटोत ठाऊक आहे. तिचा वास तुला ठाऊक नाही, ती रागावली की पाय कशी आपटते ते ठाऊक नाही. माझ्यावर गेलीय.

ती आता उभी राहते. भिंत धरून दारापर्यंत जाते आणि उंबऱ्यापाशी बोंब मारते, बाहेर सोडा म्हणून. आपानं हे पाहिलं आणि ठरवून टाकलं. शर्यत नाही. पोरंबिरं धावायची नाहीत. तुशो बुरुल एजे कापेल. बुरुल एजे चांगली बाई आहे, तिचा ब्रेड आपण जन्मभर खाल्ला, पण ती बिश्केकच्या पुढे कधी गेलेली नाही आणि गेली तेव्हाही तिला ओकारी झाली. आपा म्हणाली, "शांत पायांची आहे. पोरगी घरात राहील. या घरानं एकदा शर्यत करून पाहिली, पुरे झालं." अक्तान, मी आपाला आयुष्यात कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. म्हणाले, "आपा, पोरीला शांत पाय नकोत. शांत पाय माझे आहेत, बघ काय झालं त्यांचं, टेबलाखाली सुजतात." तिच्या तोंडाची डावी बाजू खाली आली, मला वाटलं आता पुन्हा पडते. पडली नाही. सकाळी पाहते तर खिडकीत बसून लोकर वळत होती, एक धागा काळा, एक पांढरा. मी विचारलं, कापणार कोण? मान वर न करता म्हणाली, "पहिला येईल तो."

म्हणून हे पत्र. बर्फ पडायच्या आधी, मेदेत घरी आला की शर्यत आहे. टाकीपासून फाटकापर्यंत, तीच वाट. आधी पोरांची ठरली होती, मी मोठ्यांची करून घेतली. तू येणार आहेस. येशील का, असं विचारत नाहीये. तू जगभर फिरून जे पाय कमावलेस म्हणतोस ते आण आणि माझ्या लेकीपुढे धावून दाखव. मीही धावणार आहे. रोज पहाटे मेदेतचे बूट घालून रुळांच्या कडेनं पळते, बुरुल एजे सगळ्यांना सांगते की बाईला बाहेरची बाधा झाली. पहिल्या दिवशी टाकीपाशीच दम लागून बसले, आता फाटकापर्यंत येते. आणि दुसरं: बिश्केकला गाडीवर पुन्हा माणसं घेताहेत. मी जाऊन आले, मला घेतलंय. वसंतात निघायचं, जायचं आणि यायचं, तेवढे दिवस जिबेक आपाजवळ राहील, आणि आपाजवळ तू. शार्शेन साहेबांना मी काल सांगून टाकलं, तुमच्या कबरीला दुसरं माणूस बघा. तुला पुन्हा त्या खुर्चीत बसवणार नाही मी, घाबरू नकोस, गावात काय हवं ते कर, मासे पकड, पर्यटकांना तुझ्या त्या गोष्टी सांग. पण तू मला काठावर एक वाक्य दिलं होतंस आणि ते मी अजून टाकलेलं नाही. तेवढं पाळायला ये. दाढ बरी झाली असं आपाला सांग, ती विचारणार नाही. पळत ये, अक्तान, आणि हरायची तयारी ठेवून ये.

तुझीच, तुझी तुशो जिनं कापली ती,
सल्तनत एजे