खालच्या रानातले शेकाटे

आबा, परवाच्या रविवारी तुमच्या खालच्या रानात माणसं पक्षी बघायला आली होती. हसू नका. सांगलीहून बारा जण, गळ्यात दुर्बिणी, पायांत पांढरे बूट आणि पुढे वाट दाखवत मी. बूट पहिल्याच बांधावर कामातून गेले.

तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. आता तिथं लव्हाळा आणि पाणकणीस माजलंय. तुमच्याच काळात जमिनीवर मीठ फुटलं, मग पाणी वर आलं ते उतरलंच नाही. पाटाला पाणी आलं की उसाच्या सऱ्या तुडुंब भरल्याशिवाय तुम्ही घरी येत नसायचा. गावात सगळेच तसे. शेजाऱ्यापेक्षा आपली सरी कोरडी दिसली की जिवाला घोर. मी साताऱ्याहून कॉलेजच्या सुट्टीत आले होते. तुम्ही चुलीपुढे भाकरी खात बसलेले आणि मी पाहुण्यांसमोर म्हणाले, "आबा, तुमीच बुडवलं रान." आई माझ्यावर ओरडली. तुम्ही ताटाकडे बघत एवढंच म्हणालात, "व्हय. पाणी सोडायचा हात आवरला न्हाई."

तर रविवारी माझा भाऊ, तुमचा धाकटा, बांधावर उभा होता. आता रान तोच बघतो. सोमवारी जेसीबी येणार, चर काढून पाणी ओढ्याला सोडणार आणि वर मुरूम टाकणार, असं त्यानं ठरवलेलं. महिनाभर मी त्याच्याशी भांडत होते. त्याचंही खरं आहे, पडीक रान माणसानं किती वर्षं सांभाळायचं? "चिखल बघाय माणसं आणतीस व्हय गं? लय झालं तुझं," म्हणत तो मला चिडवायला खाली उतरतो, आणि एक शेकाट्या किंचाळत त्याच्या डोक्यावर घिरट्या घालायला लागतो. लांबलचक लाल पायांचा, एवढासा जीव, पण केवढा तो थयथयाट! धाकटा थबकतो. त्याच्या पायापुढे वीतभर अंतरावर, चिखलाच्या उंचवट्यावर चार अंडी. मातीच्याच रंगाची.

"मागं सरा सगळी," तो दबक्या आवाजात म्हणाला. "घर हाय त्येंचं."

मग कुणी न सांगता त्यानं बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि कुत्री येऊ नयेत म्हणून लांबून काट्यांचं कुंपण घातलं. तिथूनच जेसीबीवाल्याला फोन लावला, "उद्या नगं. पिलं उडू द्यात, मग बघू." आपल्या घरात 'मग बघू' म्हणजे नकार नसतो, हे तुम्हाला माहीत आहे. तरी मला इतका आनंद झाला की मी पाठ फिरवून उगीच दुर्बीण पुसत राहिले.

निघताना एका बाईंनी विचारलं, "एवढी छान पाणथळ जागा केली कुणी?" रान कुणामुळे बुडालं, हा प्रश्न आजवर मी टोलवत आले होते. या वेळी म्हणाले, "आमच्या आबांनी. चुकून." सगळे हसले. धाकटाही हसला.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाहीच, म्हणून एक लिहून टाकते. त्या दिवशी तुम्हाला बोलले तेव्हा मला पक्कं माहीत होतं, आबा, की मी साताऱ्याला शिकत होते ते त्याच तुडुंब सऱ्यांच्या उसावर.