पाचव्या घोड्याची स्तुती

प्रिय ताई,

फोनवर सांगता आलं नाही ते लिहितोय. पाठवेन असं वाटत नाही.

तू सोलहून म्हणालीस, "नादामच्या घोडशर्यतीचा व्हिडिओ पाहिला. काय गातोस रे! पण आवाज का कापत होता?" मी म्हणालो, उन्हामुळे.

व्हिडिओत घोड्याचं तोंडच दिसतं. तो पाचवा आला, पण पाठ रिकामी होती. स्वार पडला तरी घोड्याचा नंबर जात नाही आणि पहिल्या पाचांची स्तुती गावीच लागते. मी अडखळलो, तेव्हा म्हातारा लुवसान म्हणाला, "गा मास्तर. घोड्याने काय पाप केलंय? पोरीला शोधायला जीप गेलीय." मी गायलो. शेवटी स्वाराचं नाव येतं, तेही घेतलं, तुझ्या लेकीचं: नोमून. स्वाराला मानाचा म्हणून देतात तो घोडीच्या दुधाचा वाडगा घ्यायला वर कुणी नव्हतं. लुवसानने तो घोड्याच्या पाठीवर ओतला.

"नोमूनला दे फोन," तू म्हणालीस. मी म्हणालो, झोपलीय. दवाखान्यात ती डोळे मिटूनच पडली आहे, त्यामुळे हे खोटं धरावं की नाही, मला ठरवता येत नाही.

"दमली असेल माझी बाय. उठवू नकोस हं."

ताई, कालपासून मी तिला उठवतोच आहे.

तुझा,
योंडोन