जास्तीचा बिंदू

७ जुलै
नागपूरला पोचलो एकदाचे! आई, मी, चार ट्रंका आणि तिची तुळस. मनीषनगरात तळमजल्याचं घर मिळालं, त्यामुळे आईचे गुडघे खूश. कॉलेज पायी गाठता येतं. पहिल्या वर्षाला भौतिक विज्ञानाची ओळख आणि दुसऱ्या वर्षाला जीआयएस, म्हणजे संगणकावरचे नकाशे, असे दोन विषय माझ्याकडे. कॉलेजच्या फाटकावरचे चौकीदार चंद्रभान खुर्चीतून उठून म्हणाले, “पुण्याच्या काय मॅडम? मंग हळू बोलत जा, आमाले समजलं पाहिजे.” मी साताऱ्याची, पण त्यांनी पुणेकर ठरवून टाकलं ते टाकलंच.

१५ जुलै
आज दुसऱ्या वर्षाला मोबाइल देऊन आवारात मोकाट सोडलं. झाड, नळ, खांब, जे दिसेल त्याची जागा टिपायची. सगळ्यांचे बिंदू एकाच सामायिक नकाशावर येतात. प्रयोगशाळेमागच्या रिकाम्या मैदानात एक बिंदू जास्तीचा निघाला. तिथे काहीच नाही आणि तो कोणी टिपलेलाही नाही. सकाळीच पहिल्या वर्षाला ‘मापन आणि त्रुटी’ शिकवलं होतं, आयतंच उदाहरण हाती लागलं. चुकार बिंदू दिसला की पुसायचा, असं सांगितलं.

मौद्याकडचा रोहित उभा राहिला. त्यांच्या वावरात म्हणे एक कोपरा सोडलेला आहे. तिथे नांगर घालत नाहीत, पेरणीला नारळ फोडतात. “नका पुसू मॅडम. त्याची जागा गेली का ते दुसऱ्याची घेते.” वर्ग हसला, मीही हसले आणि बिंदू पुसला. भूमिका ही माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. तिने ते वाक्य वहीत उतरवूनही घेतलं.

२२ जुलै
तो बिंदू परत आलाय. या वेळी फाटकावर, बरोबर चंद्रभानांच्या खुर्चीवर. पुसला. यंत्रालाही पावसाळ्यात सर्दी होत असावी.

२३ जुलै
फाटकावर खुर्ची नाही. चंद्रभान रजेवर आहेत का, असं प्राचार्यांना विचारलं. ते म्हणाले, कोण चंद्रभान? आपल्या फाटकाला चौकीदार कधी नव्हताच. मुलांनाही आठवत नाही. मी चेहरा आठवून पाहिला, तर मलाही आठवेना. वर लिहिलेलं वाचलं म्हणून, नाहीतर मीही ‘कोण चंद्रभान’ असंच म्हटलं असतं. भीती वाटतेय, उगाच कशाला लपवू?

२६ जुलै
बिंदू आता कॉलेजबाहेर, रस्त्यावर. पुसला नाही. काय करायचं, ते मुकाट्याने रोहितला विचारलं. त्याच्याबरोबर मैदानात जाऊन नारळ फोडला, नकाशावर मूळ जागी बिंदू परत ठेवला. त्याने हात जोडले, मग मीही जोडले. संध्याकाळी पाहिलं तर मैदान रिकामं. बिंदू मनीषनगरच्या वळणावर.

२९ जुलै
आमच्या गल्लीत आला.

आई हल्ली दिवाणावर अगदी कडेला सरकून बसते. अशी का बसतेस, विचारलं. म्हणाली, त्यांनाही टेकायला नको का? तिच्या शेजारी कोणी नव्हतं. पण गादी दबलेली होती.

३१ जुलै
दिवाणावर. आईला दुसऱ्या खोलीत नेलं — बिंदूही त्या खोलीत. ती आत, तो आत. ती ओट्यापाशी, तो ओट्यापाशी.

पुसायचा नाही. पुसला तर चंद्रभानांसारखं आईचं — वर्गाला बजावलं, कोणीही हात लावायचा नाही. भूमिका आज आली नव्हती. तिचा फोन लागत नाही. उद्या नकाशा जमा करायचा आहे, आणि ती कधी काही अर्धवट ठेवत नाही — मीच शिकवलंय तिला —

१ ऑगस्ट
दुपारी भूमिकाचा निरोप. मॅडम, मनीषनगरात एक चुकार बिंदू राहिला होता, तुम्ही शिकवल्याप्रमाणे पुसला. आता नकाशा स्वच्छ झाला.

धावत घरी आले. का धावले, ते —

एवढं मोठं घर मी एकटीने कशाला घेतलं? दाराशी तुळस आहे. मी तर कधी झाडं लावत नाही. वर पानोपानी ‘आई’ लिहिलंय. अक्षर माझंच —

सकाळी जाताना दोन ताटं घासून ठेवली होती. भूक लागली म्हणून आत्ता मांडायला घेतली. दोन्ही मांडली. हात आपोआप — दुसरं कोणाचं?