हिरवा पडलेला फिरोजा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

हिरवा! शेवाळासारखा हिरवा!

हे आंघोळीला गेले, अंगठी बेसिनवर काढून ठेवली होती, मी सहज उचलली. आधी वाटलं दुसऱ्याच कुणाची. पण आत माझीच खूण – चांदीवर कोरलेला बारीक चांद. जूनमध्ये लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून स्वतः घडवली होती. पत्रा ठोकला, कोंदण वळवलं, अन्सारभाईंकडचा सगळ्यात निळा फिरोजा बसवला. पाच महिन्यांत ही दशा!

एकाच खड्याचे दोन तुकडे – एक ह्यांच्या अंगठीत, एक माझ्या. माझा अजून लख्ख निळा. मी पाण्याला हात लावण्याआधी अंगठी काढतेच. ह्यांनाही बजावलंय. घरात तरी काढतात.

म्हणजे खडाच रंगवलेला असणार. अन्सारभाई, वीस वर्षांची ओळख, आणि मला फसवलंत?

४ नोव्हेंबर

गंगापूर रोडच्या शुभांगी मॅडम आल्या होत्या. मी केलेलं मोत्याचं पेंडंट त्यांनी टूथपेस्ट लावून घासलं. ब्रशने! "अजून पांढरं व्हावं म्हणून हो." मोत्याची सगळी झळाळी गेली. प्रत्येक डबीत मी कार्ड घालते – अत्तर आधी, दागिना नंतर. भांडी घासताना, पीठ मळताना अंगठी काढा. लिंबू, सोडा, टूथपेस्ट नको. मऊ कापडाने पुसून सुती पिशवीत ठेवा. वाचतंय कोण!

अर्धा तास त्यांना भाषण दिलं. माझ्याच घरात फिरोजा हिरवा पडलाय, हे मात्र गिळलं.

६ नोव्हेंबर

हे आज अंगठी घरीच विसरले, ती घेऊन मी तणतणत भद्रकालीत गेले, अन्सारभाईंच्या दुकानात. त्यांनी शांतपणे कापसाला नेलपेंट काढायचं पाणी लावलं आणि खडा पुसला. कापूस पांढराच्या पांढरा.

"शहनाजबी, खडा अस्सल आहे. हे साबणाचं काम. तेलाचं, अत्तराचं. हा हात बराच वेळ साबणाच्या पाण्यात असतो."

साबणाच्या पाण्यात! ज्या माणसाने तीस वर्षांत चहाचा कप विसळला नाही, त्याचा हात!

मग भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. अंगठी नाकाशी धरली. आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, "बाकीचं घरी विचारा." का? काय दिसलं? सांगेनात. वर "चहा घ्या" म्हणे!

अम्मी म्हणायची, फिरोजा रंग बदलतो तेव्हा घालणाऱ्यावर आफत यायची असते. गिऱ्हाइकांना मी हसून सांगते, असलं काही नसतं. आज हसू येईना. माझा मुलगा रिझवान कोरोनात गेला. लेक अलिशा लग्न होऊन मनमाडला. आता घालवायला माझ्याकडे उरलंय कोण? हेच.

७ नोव्हेंबर

ह्यांच्या सदऱ्याला अत्तराचा वास. जुम्मा आहे, नमाजाला लावलं असेल. पण परवा बुधवारीही होता!

१० नोव्हेंबर

अंबडला कारखान्यात फोन केला. हे तिथे स्टोअरला आहेत. पलीकडचा म्हणाला, "मुस्तकीमभाई? ते अकरालाच गेले. महिन्यातून दोन-तीनदा हाफ डे घेतात ना." मला सांगतात ओव्हरटाइम!

अत्तर. साबण. हाफ डे. कुणाचं घर सांभाळताय? कुणाची भांडी घासताय? पन्नाशी उलटलेल्या नवऱ्याबद्दल असं लिहायची लाज वाटते, तरी लिहिते. दुसरं कोणाला सांगू?

दोन चपात्या करपल्या. कानातल्यांचं काम घेतलं तर तार नीट वळेना.

११ नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं, अंगठी पॉलिशला ठेवलीय. आणि ते कामावर गेल्यावर कोंदण उघडलं. खडा सुटला. मागे पांढरट लगदा साचलेला. साबण. आणि एक वास –

काफूर.

काफूर म्हणजे कापूरच, आम्ही तो अत्तरासोबत मयताला लावतो. आंघोळ घातल्यावर, कफन बांधण्याआधी. ह्या घरात तो एकदाच आणला, एप्रिल एकवीसमध्ये, रिझवानसाठी. पुडी तशीच राहिली. दवाखान्यातून पोराला पिशवीत बांधूनच दिलं. आंघोळ नाही, काफूर नाही. तोंडसुद्धा दाखवलं नाही.

अन्सारभाईंना वासावरूनच कळलं असणार. ह्यांच्या हाताला काफूर कुठून आला?

१२ नोव्हेंबर

जेवताना ह्यांच्या ताटाशेजारी ठेवलं – खडा वेगळा, चांदी वेगळी. हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "ज्यांचं कुणी नसतं त्यांना आंघोळ घालायला जातो. मशिदीतून फोन येतो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

दोन वर्षं! माझ्या नाकाखाली! आणि मी काय काय लिहून बसले होते इथे. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण भडकलेच. लपवलंत का?

"कफन म्हटलं तरी तुला चक्कर यायची. कसं सांगू?"

मग मी तोंडाला येईल ते बोलले. "निदान अंगठी तरी काढायची! जगाला कार्डं छापून वाटते मी!"

"एकदा काढली होती," ते म्हणाले. "पुन्हा आधीसारखा हात थरथरायला लागला. तू दिलेली बोटात असली की नाही थरथरत." आणि खडा बोटाने सरकवत, "रिझवानला मीच घालणार होतो ना आंघोळ."

त्यानंतर आम्ही दोघंही जेवलो नाही. चार वर्षांत पहिल्यांदा एकत्र रडलो. मला वाटायचं, मी एकटीच रडते.

१४ नोव्हेंबर

सकाळी ह्यांना फोन. मयत एका बाईची, स्टेशनवर सापडली, सोबत कुणी नाही. आंघोळ घालायला बायका हव्यात, एक कमी पडतेय. हे फोन धरून माझ्याकडे बघत राहिले. मीच म्हणाले, येते.

निघताना मी सवयीने माझी अंगठी काढायला गेले. काढली नाही.