एका घरात दोन एकादश्या

आई, पप्पा (चिठ्ठी एकच आहे, दोघांनी वाचा),

आपल्या एका घरात दोन एकादश्या कशा? माझ्या वर्गातली मदिहा म्हणाली, "आमच्यात चंद्र दिसला की ईद, विषय संपला! हिंमत असेल तर घरी विचारून दाखव." म्हणून विचारतेय.

पप्पांनी माळ घातल्यापासून त्यांची भागवत एकादशी, म्हणजे उद्या. आईची स्मार्त, म्हणजे आज. कॅलेंडरवाल्यांनी दोन्ही छापल्यात, तेही लय हुशार! मी तुम्हा दोघांनाही 'धरते' म्हणून बसले. सकाळी आईबरोबर साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि शाळेत पप्पांनी डब्यात घातलेली भाकरी. आता माझा उपवास मोडला, की अजून सुरूच झाला नाही?

गेल्या वर्षी आपण तिघं एकाच ताटात रताळी खात होतो. आता समोरासमोर बसूनही "तिला सांग", "त्यांना सांग" असं मलाच सांगता.

खो-खोला जातेय, सातपर्यंत येते. माझं ठरलंय. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलून जो दिवस सांगाल, तो मी धरणार. तोवर दोन्ही दिवस जेवणार.

शर्वरी