आपल्या जहाजाची मधली डोलकाठी

प्रिय,

(पुढची जागा मोकळी सोडली आहे, ती रागाने नव्हे. आधी ‘व्याहीबुवा’ लिहिलं आणि खोडलं, कारण कोर्टाच्या निकालानंतर ते नातं उरत नाही असं आमच्या घरात ठरलं आहे. ‘माजी व्याही’ लिहिलं, तर तुम्ही निवडणुकीत पडल्यासारखे दिसायला लागलात. ‘स्नेही’ लिहायला हात धजेना. स्नेह्याला औषधाच्या दुकानात पाहून कोणी खांबाआड जात नाही. मी गेलो. तुम्ही ते पाहिलंत, हेही मी पाहिलं.) सादर नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? विहीणबाईंची साखर (त्यांनाही आता काय म्हणायचं ते कळवा) आटोक्यात असेल. आमच्याकडे सगळे बरे आहेत, म्हणजे वेळेवर जेवतात आणि न बोलता ताटं उचलतात.

पत्रास कारण आपलं जहाज. लग्न झाल्यावर मुलांनी लाकडी जहाजाच्या सुट्या भागांचं ते खोकं आपल्याला भेट दिलं, ते दोघा म्हाताऱ्यांनी त्यांच्या संसारात लुडबुड करू नये म्हणून. आपण खरोखरच नाक खुपसलं नाही. दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर फळ्या चिकटवत बसलो, आणि तिकडे काय चाललंय याचा दोघांनाही पत्ता लागला नाही. मी जन्मभर जमिनी मोजल्या, म्हणून डोलकाठ्या ओळंब्यात उभ्या करणं माझ्याकडे. तुम्ही जन्मभर लोकांच्या तोंडात बारीक कामं केलीत, म्हणून दोर ओवणं तुमच्याकडे. पुढे मुलांचं बिनसलं, आणि आपली वाटणी आपोआप झाली. जहाज माझ्या टेबलावर राहिलं, रिळं आणि चिमटे तुमच्या पिशवीतून गेले.

परवा सौ. म्हणाली, टेबल मोकळं करा. मी म्हटलं, त्यात काय, उरलेले दोर मीच बांधतो. (हसू नका.) तिच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेतला. ज्या भोकांतून तो ओवायचा ती खसखशीएवढी, आणि माझा चष्मा वर्तमानपत्राचा. डावीकडचे दोर ताणले, मधली डोलकाठी डावीकडे कलली. उजवीकडचे ताणले, ती उजवीकडे आली. दोन्हीकडून सारखा जोर लावला, तर पुढे वाकून मला नमस्कार करू लागली. तेवढ्यात बेल वाजली. मी उठलो आणि माझ्याबरोबर जहाजही उठलं, कारण शर्टाच्या बाहीचं बटणही मी दोरांत गुंफून बसलो होतो. मी दार उघडायच्या आतच कुरिअरवाल्याने आवाज ऐकला असेल. काठी बुडापासून मोडली.

मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली. (परत आल्यापासून ती फारशी बाहेर येत नाही. दार लोटून कामाला बसते, आणि दुपारी आवाज आला नाही की आम्ही दोघं आळीपाळीने पाणी हवंय का विचारायला जातो.) तिने कात्रीने बटण कापून मला सोडवलं, काठीला गोंद लावला आणि ती जागेवर दाबून धरली.

“बाबा, हे एकट्याचं काम नाही. त्यांना बोलवा.”

“कुठल्या नात्याने बोलवू?”

“काडीमोड आमचा झाला,” ती म्हणाली. “तुमचा कोणी केला?”

मी कापलेलं बटण शोधायला टेबलाखाली वाकलो. मग तिने विचारलं, “हे कोणाला देणार होतात?” मी म्हटलं, कोणाला म्हणजे, असंच, शोभेला. तुम्हाला ठाऊक आहे कोणाला. त्याच्या कपाटावरची जागाही आपण ठरवली होती, आणि पाटीवर कोणत्या आजोबाचं नाव आधी, यावरून एक अख्खा रविवार अबोला धरला होता. तो नातू आता आपल्या दोघांचा मिळून कधी होणार नाही. मी हे तिला बोललो नाही. पण गोंद वाळून गेला तरी ती काठी धरून उभीच होती, आणि मीही ‘सोड आता’ म्हणालो नाही.

सकाळी पाहतो तर सांधा निसटला होता.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. माझ्याकडे तो आहे. तुमच्याकडचं तुम्ही जाणा.

आपला,
मोजणीवाला

ता. क. माझी मागची दाढ ठणकते आहे. सौ.ला सांगितलं, तर बराच वेळ भांडी विसळत राहिली आणि मग म्हणाली, “जा त्यांच्याकडेच. दुखण्याला कसला मानपान.” बुधवारी संध्याकाळी दवाखान्यात येतो.

आणखी एक. दाढ ठणकत नाही. मोडक्या दाताच्या मुळात तुम्ही तार रोवता ना, तसं काहीतरी या काठीला करावं लागेल. ती छत्रीत घालून आणतो आहे. तुम्ही आरसा घालून नीट पाहा, मान हलवा, आणि बाहेर नावं लिहून घेत बसलेल्या विहीणबाईंना ऐकू जाईल असं सांगा की बऱ्याच खेपा घालाव्या लागतील. किती, ते सांगू नका.